आबांचा कान

त्या सकाळी डाळजमध्ये अपशकुनांचा नुसता बाजार भरला होता. उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी गावाकडं पाठ करून उभे होते, एकूण एक. खोटं वाटत असेल तर पक्ष्यांनाच विचारा. एक म्हैस दूध सोसायटीच्या दारात आली, चेअरमनच्या खुर्चीकडं बघून तिनं असा उसासा टाकला, की भिंतीवरचं कॅलेंडर थेट दिवाळीवर जाऊन थांबलं. गेणबानं हे सगळं पाहिलं आणि मान खाली घातली. अपशकुन कुणाच्या पायानं चालत येणार, हे त्याला ठाऊक होतं.

चेअरमन संभाजी आबांवर अविश्वास ठराव होता. सोसायटीतल्या विरोधी अविराजच्या गटाला एक हात कमी पडत होता. म्हणून त्यानं आबांच्या जिवाभावाच्या गेणबाला बारामतीला नेलं, मटणाची थाळी चारली आणि आबांचीच खुर्ची देऊ केली. दुसऱ्यांदा रस्सा वाढेपर्यंत गेणबा हो म्हणून बसला.

आबांचे कान पोळ्याच्या मिरवणुकीत डीजेनं नेले होते. तेव्हापासून मीटिंगमध्ये एकच रीत होती. गेणबाचा हात वर गेला, की आबांचा जायचा. आबांचा गेला, की त्यांच्या माणसांचे.

नेहमीसारखा गेणबा मोटरसायकल घेऊन आबांना न्यायला गेला. आबांच्या बायकोनं, शकुबाईंनी, त्याला दारातच गाठलं. नवऱ्यानं जाऊ नये म्हणून त्यांनी ऐकायचं मशीन पिठाच्या डब्यात लपवलं होतं.

"भावजी, वंगाळ सपान पडलं. हार तुमच्या गळ्यात व्हता, अन् रडत बी तुमीच व्हता. आज ह्यांना न्हेऊ नका."

गेणबाला एवढंच म्हणायचं होतं, की आबा, राहू द्या आज. तेवढ्यात आबा टोपी झटकत बाहेर आले.

"मशीन घावंना, तर न घावू दे. गेणबा हाय की माझा कान."

मीटिंगमध्ये इंदापूरहून आलेल्या सरकारी साहेबांनी ठराव वाचला. गेणबानं फरशीकडं बघत हात वर केला. शेजारी सळसळ झाली. आबांचाही हात वर गेला होता, ताठ, कोपरात न वाकता. तो बघून त्यांच्या माणसांचेही हात गेले. साहेब चक्रावले. त्यांनी खूण करून आबांना विचारलं, नक्की का? आबांनी गेणबाकडं पाहिलं.

गेणबानं मान हलवली. हो.

एकमतानं पास. मग अविराजच्या पोरांनी हार आणला आणि गेणबाच्या गळ्यात घातला. आबांनी हाराकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, आणि अजून वरच राहिलेला आपला हात हळूच खाली घेतला.

बाहेर आबा मोटरसायकलपाशी उभे होते. घरी जायला दुसरं वाहन नव्हतं. वाटभर गेणबा पुढं बघून बोलत होता. चुकलं म्हणाला, लाज वाटते म्हणाला, रडलाही. मागं आबा त्याच्या खांद्याला धरून बसले होते. त्यांच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नाही.

शकुबाई मशीनवरचं पीठ पुसत दारात उभ्या होत्या. काय झालं, असं त्यांनी हातानंच विचारलं.

"मला कुठं ऐकू येतंय," आबा पायऱ्या चढत म्हणाले. "गेणबाला इचार."

शकुबाईंनी गेणबाकडं पाहिलं. हार अजून त्याच्या गळ्यात होता.