कासिमचे सात दिवस

अस्वानच्या हवामान केंद्राचा प्रमुख होऊन मला तीन वर्षं होत आली आणि या तीन वर्षांत इथे एकदाही धड पाऊस पडलेला नाही. पर्जन्यमापकात साठते ती वाळू. रोज सकाळी ती मी चमच्याने काढतो, कारण ते काम हाताखालच्या माणसाला सांगायची मला लाज वाटते. हाताखाली माणूसही एकच आहे, उकाशा.

"साहेब, आजही 'आकाश निरभ्र' लिहू?" तो रोज विचारतो. "की 'कालच्यासारखंच' असा एक शिक्काच बनवून घेऊ? शाई तरी वाचेल."

"गपचूप लिही."

"लिहितो. तुम्ही म्हणत असाल तर कोपऱ्यात एखादा ढग काढतो, तुमच्या जिवाला बरं वाटेल."

उकाशा चांगला माणूस आहे. मला तो आवडत नाही. मला इथलं काहीच आवडत नाही, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? जगभरचे लोक पैसे खर्चून अस्वानला येतात, नदीकाठी बसून उसासे टाकतात. मीही उसासे टाकतो. माझ्या खिडकीखालून नाईल जाते ती सरळ उत्तरेला, समुद्राकडे, म्हणजे माझ्या घराकडे. पाण्याला तिकडे जायला कुणाची सही लागत नाही.

अलेक्झांड्रियाच्या बंदरावरच्या हवामान कार्यालयात मी तेवीस वर्षं काढली. दुसऱ्या नंबरच्या खुर्चीवर. खिडकी थेट समुद्रावर. हिवाळ्यात लाट धक्क्यावरून उडून रस्त्यापलीकडच्या कॉफीखान्यात शिरायची आणि आत बसलेले म्हातारे पाय वर घेऊन सोंगट्या खेळत राहायचे. आमच्या शहरात हिवाळ्यातल्या प्रत्येक वादळाला नाव असतं आणि तारीख असते. नोव्हेंबरात 'केरसुणी' येऊन रस्ते झाडून जाते. डिसेंबरच्या चार तारखेच्या सुमाराला कासिम. मग एकामागून एक, मार्च संपेपर्यंत. लहान पोराला आईबापांचे वाढदिवस ठाऊक नसतील, पण कासिम किती दिवस चालतं ते पाठ असतं. सात दिवस.

आणि मला सगळे विचारायचे. कोळी विचारायचे, जाळी टाकू का. शेजारीण विचारायची, गालिचे धुऊ का. मुलीच्या लग्नाची तारीख धरण्याआधी लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. खरं सांगतो, मी इतका मूर्ख होतो की मला त्याचा वैताग यायचा.

मला प्रमुख व्हायचं होतं. आमचे प्रमुख माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि तब्येतीने घोडा. म्हणजे मी दुसऱ्या खुर्चीवरूनच निवृत्त होणार हे उघड होतं. आमच्या खात्यात बदलीचा एक सोपा मार्ग आहे, अदलाबदल. दोन गावची दोन माणसं एकमेकांच्या जागी जायला तयार झाली, दोघांनी एका कागदावर सह्या केल्या की झालं. अट एकच, तीन वर्षं जागा सोडायची नाही. तीन वर्षांनी परत फिरायचं तर पुन्हा दोघांच्या सह्या.

अस्वानचा प्रमुख होता बिशारी. नूबी माणूस, इथल्याच नदीकाठच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या जमातीतला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, उंच, बोलायला सावकाश. त्याची बायको दहब हिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती आणि उपचार करणारे डॉक्टर अलेक्झांड्रियाला होते. त्यासाठी तो प्रमुखाची खुर्ची सोडून माझ्या दुसऱ्या नंबरच्या खुर्चीवर बसायला तयार झाला. आम्ही कैरोच्या मुख्य कचेरीत भेटलो, सह्या केल्या, चहा घेतला.

"तीन वर्षं, उस्ताद रागिब," तो म्हणाला. "मग मी माझ्या घरी, तुम्ही तुमच्या घरी."

मी हसलो होतो. परत कुणाला यायचंय, असं मनात म्हणालो होतो.

माझी बायको इन्शिराह मात्र हसली नव्हती. "खुर्चीसाठी शहर सोडतोस?" ती म्हणाली. "खुर्चीवर बसून बघणार काय आहेस?" आम्ही कँप सीझर मोहल्ल्यातलं जुन्या भाड्याचं घर सोडलं, तीन महिन्यांत मालकाने ते पाडलं. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पारा सेहेचाळीसवर गेला तेव्हा ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन म्हणाली, "बसलास ना खुर्चीवर? कशी आहे? गरम आहे का?" आता ती असं बोलत नाही. माझी कीव करते, आणि त्यापेक्षा टोमणे बरे होते.

अलेक्झांड्रिया सोडून अस्वानला यायला तयार होईल असं गाढव सबंध खात्यात एकच होतं आणि ते आधीच इथे येऊन बसलं होतं. म्हणजे परत जायचं तर बिशारीच. त्याचं घर इथे, नदीच्या पश्चिम काठावर, भाऊ इथे, खजुराची झाडं इथे. त्यालाही महिने मोजायला लागत होते. दर गुरुवारी मी त्याला फोन करायचो.

"समुद्र कसा आहे आज?"

"मोठा आहे."

"अहो, मोठा असणारच. रंग कसा आहे?"

"पाण्याचाच रंग आहे, उस्ताद. इथे सगळं ओलं आहे. उशी ओली, मीठ ओलं, माझे गुडघे ओले. माणसं इतकी का ओरडतात हो तुमच्याकडे? मासे घ्यायला गेलो तर वाटलं भांडण लागलंय."

"ते प्रेमाने ओरडतात."

"असेल बुवा. आमच्याकडे प्रेमाने गप्प बसतात."

मी हसायचो आणि फोन ठेवल्यावर मला रडू यायचं. पण धीर होता. त्याला ते शहर सोसत नव्हतं आणि मला हे, यापेक्षा भक्कम करार जगात कुठला असतो?

गेल्या डिसेंबरात चार तारखेला सकाळी आठ वाजता त्याचा फोन आला. वार गुरुवार नव्हता. मागे वारा इतका घोंघावत होता की पहिल्यांदा मला वाराच ऐकू आला, आणि देवा, माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. कासिम! अगदी तारखेला!

"दहब गेली," बिशारी म्हणाला. "पहाटे."

मी जे म्हणतात ते म्हणालो. तो सावकाश बोलत होता, नेहमीसारखाच, फक्त मध्ये मध्ये थांबत होता.

"तिला गावी न्यायचंय. तिने तेवढंच मागितलं होतं. गाडी ठरवली, पण हायवे बंद केलाय, पाणी भरलंय, वाऱ्याने ट्रक उलटलेत. गाडीवाला म्हणतो थांबा. किती थांबू? उस्ताद, मला तुमची ही वादळं कळत नाहीत. माझं डोकं चालत नाहीये. तुम्ही सांगा. हे किती दिवस चालेल?"

अस्वानला आल्यापासून मला कुणी हवेबद्दल विचारलं नव्हतं. इथे काय विचारणार? आणि आता बंदरावरचा माणूस माझा सल्ला मागत होता, त्याच्या आवाजामागे माझा वारा वाहत होता. मी ताठ बसलो. मला आठवतं, मी खरंच खुर्चीत ताठ बसलो.

"सात दिवस," मी म्हणालो. "कासिम आहे ते. सात दिवस हलत नाही. थांबू नका."

"सात दिवस," तो म्हणाला.

आमच्यात मयताला ताटकळत ठेवत नाहीत. सात दिवस म्हणजे प्रश्नच मिटला. मग त्याने विचारलं, परक्या गावात तिला कुठे ठेवू? आणि मी विचार न करता म्हणालो, "परकं गाव कसलं? आमच्या घराण्याची कबर आहे, त्या जुन्या खांबाजवळच्या कबरस्तानात. किल्ली राखणदाराकडे आहे, मी आत्ता फोन करतो. माझ्या आईशेजारी ठेवा तिला."

घराण्याची कबर म्हणजे जमिनीखालच्या दोन खोल्या, एक पुरुषांची, एक बायकांची. अडीअडचणीला परक्याला तिथे जागा देणं हे आमच्याकडे मोठं पुण्याचं काम. बिशारी फोनवर रडला. दुपारच्या नमाजानंतर दहबला मूठमाती दिली. मी दिवसभर स्वतःवर खूश होतो. हे लिहायला नको होतं, पण होतो.

तीन वाजता उकाशाने माझ्या टेबलावरचा चहाचा ग्लास उचलला. ग्लासाखाली सकाळचा नकाशा होता. सकाळी सातला आलेला.

"साहेब, तुमच्या गावचं हे वादळ काही खरं नाही," तो म्हणाला. "बघा, भराभर पूर्वेला सरकतंय. संध्याकाळपर्यंत गेलंसुद्धा."

मी नकाशा पाहिला. शिकाऊ पोरालाही कळलं असतं. सव्वीस वर्षं या खात्यात नोकरी केलेल्या माणसाने हात लांब करून ग्लास बाजूला सारायचा होता. मी आजीने शिकवलेले सात दिवस सांगितले. सूर्यास्ताआधी वारा पडला, हायवे उघडला. दहब दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या गावात पोचली असती.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहायला नको. त्या संध्याकाळी मी गच्चीवर उभा होतो, अपराधी वाटत होतं, आणि तरी मनात आलं की आता बिशारीला तिकडे धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. ऑगस्टमध्ये तीन वर्षं होतात. ऑगस्टमध्ये मी घरी.

त्यानंतर मी गुरुवारी फोन करायचं थांबवलं, कारण तो शुक्रवारी करायला लागला. कबरस्तानातूनच. तो दर शुक्रवारी जायचा, गरिबांना पाव आणि खजूर वाटायचा, कुराण वाचणाऱ्याला बसवायचा. "तुमच्या आईसाठीही वाचायला सांगितलं," म्हणायचा. "तिच्या बाजूलाही कोरफड लावली. तुमच्या आईचं नाव पुसट झालं होतं, रंगवून घेतलं." सांगायचा आणि मी आभार मानायचो. माझी आई माझ्यापेक्षा त्याच्या जास्त ओळखीची होत चालली होती.

जुलैत मी अर्ज आणला. माझी सही केली. दुसऱ्या सहीची जागा रिकामी. इन्शिराहने तो अर्ज आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला आणि कधी नव्हे ती गुणगुणायला लागली. तिने हिवाळ्याचे कोटसुद्धा उन्हात घातले. अस्वानच्या जुलैत, कोट!

काल शुक्रवार होता. बिशारीचा फोन आला तेव्हा ती समोरच भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "बिशारी, तीन वर्षं होतायत. अर्ज तुमच्याकडे पाठवू ना?"

त्याच्या मागे चिमण्या ऐकू येत होत्या, आणि लांबून ट्रामची घंटा.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," तो म्हणाला.

"दिला होता."

"उस्ताद, ती गावी असती ना, तर मी आज चालत आलो असतो. हे शहर मला अजून कळत नाही. पण ती इथे एकटी आहे. सगळी तुमची माणसं, चांगली माणसं, पण तिच्या ओळखीचं कुणी नाही. मी गेलो तर शुक्रवारी तिच्याकडे कोण येणार? तिला नूबीत बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी येतो आणि तासभर बोलतो."

मला वाटलं आता सांगून टाकावं. सांगितलं. म्हणालो, "त्या दिवशी मी नकाशा पाहिला नव्हता. टेबलावर होता, समोर. वादळ संध्याकाळी जाणार होतं. मी उगाच सात दिवस म्हणालो."

"माहीत आहे," बिशारी म्हणाला.

"माहीत आहे?"

"मी पण याच खात्यात आहे ना, उस्ताद. आठवड्याने कामावर गेलो तेव्हा पाहिला. तुम्ही मला जागा दिलीत. त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिली नसती. मी त्याच्यापुढचा विचार करत नाही."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. शब्दाची आठवण करून दिली असती, वरच्या कचेरीत गेलो असतो. मी आरशात खोचलेल्या कागदाकडे पाहत बसलो.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "रागावू नका. राखणदार म्हणतो, पुरुषांच्या खोलीत एकच जागा उरली आहे. माझं वय झालंय. मी गेलो की मला तिथे ठेवतील का, भिंतीपलीकडे, तिच्याजवळ? तुमची परवानगी असेल तर."

ती जागा माझी होती. वडिलांनी मला तिथे नेऊन दाखवली होती, मी दहा वर्षांचा असताना. काही झालं तरी शेवटी तिथे जाणार एवढं मी मनाशी धरून होतो. इथे उन्हात बसून, वाळू काढताना, तेवढं तरी.

मी त्याला उत्तर दिलं आणि फोन ठेवला. इन्शिराहचे हात भाजीत तसेच थांबले होते.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"आणि तू?"

"मी हो म्हणालो."