हार्ट फेल्युअरचा चुकलेला अर्थ

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. एका मास्तरांनी मला नवाकोरा घरी आणलं, तेव्हा हात धुतल्याशिवाय मला कोणी शिवत नसे. पुढे मास्तर वारले आणि मला डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं गेलं. ओल लागून पानं चिकटली. तिथे मला वाळवीची भीती वाटे. पण मित्रांनो, खरी भीती मला एका दुपारी कळली.

मास्तरांचा मुलगा बोटीवर इंजिनाचं काम करायचा. लांबच्या बंदरातल्या इस्पितळातून त्याच्याबद्दल इंग्रजी पत्र आलं. घरात त्याची बायको आणि मुलगी चिमी. शेजारचे काका पत्र चाळता चाळता थबकले.

"वहिनी, हार्ट फेल्युअर लिहिलंय. हार्ट फेल म्हणजे..."

आईचं शिवणयंत्र थांबलं.

"थांबा काका, नीट बघू," म्हणत चिमीने मला ओढून काढलं. नखाने एकेक पान सोडवलं. हार्टएक, हार्टब्रेक, हार्टबर्न... तिचं बोट खाली सरकत होतं आणि मी थिजत होतो. पुढे काय छापलंय, ते मला ठाऊक होतं. तेवढी ओळ पुसली जावी, असं वाटलं.

'हार्ट फेल्युअर: हृदयक्रिया बंद पडणे, मृत्यू.'

आईने शिवायचं कापड तोंडावर दाबलं. चिमी मात्र पत्र वाचत राहिली.

"आई, इथे बाबांच्या भुकेबद्दल काहीतरी आहे. हार्टी म्हणे."

ती पुन्हा माझ्याकडे वळली. ओलं पान कोपऱ्यात फाटलं, पण अर्थ वाचला: 'हार्टी: भरपूर, सणसणीत.'

"बाबांना सणसणीत भूक लागतेय! मेलेल्या माणसाला भूक लागते का गं?"

तिघंही इस्पितळाला फोन करायला टपालकचेरीकडे धावली. मी जमिनीवर उघडाच पडून होतो. माझ्या शब्दाने कुणाचा जीव तर जाणार नाही ना? आई रडतच परतली. मी गारठलो.

"आवाज किती बारीक झालाय त्यांचा," ती म्हणाली, "आणि तरी कुरकुर चाललीये, इथलं जेवण बेचव म्हणून!"

हृदय थकलं होतं, थांबलं नव्हतं. माझ्या छपाईत तेवढा अर्थ राहून गेला होता. चिमीने तो पेन्सिलीने समासात लिहिला: 'हृदयाची ताकद कमी होणे. माणूस जिवंत असतो.'

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा. आमचं चुकलं, तर दुरुस्त करा. आणि एका शब्दाने घाबरून पत्र मिटू नका; शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.