बा कुणाला म्हणायचं?

उचगावात जोतीरामाची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हशींवरची माया आणि दुसरी जिभेची धार. तिसरी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, कारण ती त्यानं कुणाला सांगितलीच नव्हती. कुणीतरी आपल्याला 'बा' म्हणावं असं त्याला फार वाटायचं. आता साठीच्या गड्याला ह्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण जरा ऐकून तर घ्या.

दोन लेकी होत्या, त्या 'बा, बा' करत वाढल्या आणि एक कुरुंदवाडला, दुसरी मलकापूरला नांदायला गेली. जाताना 'बा' पण बरोबर घेऊन गेल्या. बायको 'अवं पोरींचा बा' म्हणून हाक मारायची, ती वारली. उरला संग्राम. तो आयटीआयला शिकून आला आणि येताना कुठनंतरी 'पप्पा' उचलून आणला. "पप्पा, किटली कुठाय?" म्हणाला की जोतीरामाच्या अंगावर काटा यायचा.

"पप्पा म्हणू नगंस लेका. बिस्किटाचं नाव वाटतंय."

संग्राम हसायचा आणि पुन्हा पप्पाच म्हणायचा. घर असं मुकं झालेलं. मग जोतीरामानं सगळी आशा सुनेवर ठेवली. सून येईल, चहाचा कप पुढं करून 'घ्या की बा' म्हणेल, एवढं चित्र डोळ्यांपुढं धरून त्यानं पोराच्या लग्नाची घाई लावली.

सून आली ती गोकाकची. सोयरीक जुळवली जोतीरामाच्या थोरल्या बहिणीनं, चिमणाबाईनं. कस्तुरी नाव पोरीचं. उंच, कामाला वाघीण, मराठी बोलायची ती खडे निवडल्यासारखी थांबत थांबत. आणि तिच्या मागनं माहेरची भेट म्हणून टेम्पोतनं एक म्हैस आली. काळीकुळकुळीत, शिंगं पार पाठीला टेकलेली. नाव करेव्वा. नवऱ्या मुलीपेक्षा गर्दी म्हशीला बघायला जास्त झाली, हे खोटं नव्हे.

लग्न होऊन दोन-चार दिवस झाले असतील. सकाळी जोतीराम आरशापुढं बसून दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस. तेवढ्यात अंगणातनं सुनेचा खणखणीत आवाज आला, "बा! बा!"

वस्तरा तिथंच टाकून म्हातारा धावला. "आलो गं बाळ, आलो!"

समोरच्या माडीवर तेलाच्या दुकानवाले गुजराती राहायचे. त्यांच्या घरात आजीला बा म्हणतात. ती म्हातारी पण कठड्यावरनं वाकली, "कोण बोलावतंय मला?" आणि गोठ्यातनं दावं तोडून करेव्वा आली. तिघं कस्तुरीकडं बघायला लागली. ती हातात चरवी घेऊन उभी, तोंडाचा रंग उडालेला.

"मी... म्हशीला म्हटलं," ती म्हणाली. "आमच्या कानडीत बा म्हणजे ये. इकडं ये."

चिमणाबाई उंबऱ्यावर बसली होती, ती हसून हसून आडवी व्हायची राहिली. "आगं बया! हिकडं बाप, माडीवर आजी आन गोकाकला म्हशीला हाक! देवाजवळ अक्षरं कमी पडली व्हय गं?"

जोतीराम पण हसला. पण गालावरचा फेस पुसता पुसता त्यानं संधी साधली. "बरं झालं. आता म्हण मला बा. आमच्यात बा म्हंजे वडील."

कस्तुरीनं जीभ चावली. "न्हाई मावा. थोरल्यांना 'बर्री' म्हणायचं, म्हणजे 'या'. बा म्हणायचं लेकराला, जनावराला. तुम्हाला तसं म्हटलं असं आईनं ऐकलं तर डाग देईल जिभेला."

"मावा?"

"सासऱ्याला मावा म्हणतात की."

आता गोकाकला म्हणत असतील. उचगावात मावा म्हणजे पानपट्टीवर सुपारी-तंबाखू चोळून पुडीत देतात तो. दुसऱ्या दिवसापासनं गल्लीतली टगी मंडळी दारावरनं जाताना "मावा हाय काय गा घरात?" असं विचारायला लागली. जोतीराम भडकायचा. "घरात सून आणली का पानपट्टी उघडली, तेच कळंना झालंय," असं बहिणीला म्हणायचा.

तसं त्याला कळत होतं. पोरगी मान देते म्हणूनच बा म्हणत नाही. डोक्याला पटलेलं. पण मनाचं काय करायचं? ज्या हाकेसाठी एवढा जीव टांगला होता ती हाक रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात ऐकू यायची, पण म्हशीसाठी. म्हशीचा हेवा करणारा सासरा आख्ख्या तालुक्यात तो एकटाच असेल. त्यानं मन मोठं केलं आणि सुनेपुढं पुन्हा तो विषय काढला नाही. म्हणजे आठवडाभर तोंड फुगवून बसला आणि मग काढला नाही.

श्रावण सरला तसे दिवाळीतल्या पाडव्याचे वेध लागले. पाडव्याला म्हशी पळवायच्या म्हणजे नुसतं पळवणं नव्हे. म्हैस सजवायची, पोरानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल चालवायची, मालकानं मागं उलटं तोंड करून बसायचं आणि हाक मारायची. दावं नाही, काठी नाही. नुसत्या आवाजावर म्हैस गाडीमागं धावली पाहिजे. तिथं मालकाची किंमत ठरते.

शेजारच्या गल्लीतला गणपतराव दूधकट्ट्यावर सगळ्यांदेखत बोलला, "जोतीराम, औंदा घरातच बस. म्हैस सुनेची, ऐकती सुनंचं. तू आपला शेण काढायपुरता मालक."

जोतीरामाची जीभ कुठली ऐकते? "पाडव्याला माझ्या आवाजावर पळाली न्हाई तर ह्या जन्मात पुन्यांदा म्हशीच्या दाव्याला हात लावणार न्हाई!"

बोलून बसला. आणि घरी येताना चाल मंदावली. कारण गणपतराव खोटं काय बोलला होता? करेव्वा त्याच्याकडं ढुंकून बघत नव्हती. "ये ये" म्हटलं, "चल गं राणी" म्हटलं, शिवी दिली, सगळं झालं. म्हैस रवंथ करत मख्ख. शेवटी संग्राम म्हणाला, "पप्पा, तिला मराठी येत न्हाई. बा म्हणा की."

म्हशीला बा म्हणायचं? जो शब्द स्वतःच्या कानावर पडावा म्हणून झुरायचं, तो म्हशीला द्यायचा? दोन दिवस जोतीरामानं तो घास गिळला नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "बा."

करेव्वानं कान सुद्धा हलवला नाही.

"असं न्हाई, मावा." कस्तुरी वैरण घेऊन मागं उभीच होती. "तलाठ्यानं बोलावल्यासारखं म्हणू नका. लाडानं म्हणा. बाऽऽ."

"बाऽऽ."

"अजून लाडानं."

"आता काय मुका घेऊ म्हशीचा?"

कस्तुरी खळखळून हसली. सासऱ्यापुढं ती पहिल्यांदाच अशी हसली. मग रोजचा शिरस्ताच झाला. संध्याकाळची धार झाली की जोतीराम आपली कळकट बंडी चढवून, खिशात पेंडीचे खडे भरून माळाकडं निघायचा आणि सून शिकवायची. कुठं आवाज ओढायचा, कुठं सोडायचा, कधी खडा द्यायचा. दसऱ्याला करेव्वा त्याच्या मागं ओढ्यापर्यंत पळत गेली. म्हातारा ओढ्यात उभा राहून नाचला.

पाडवा उजाडला. करेव्वाला घासूनपुसून, तेल लावून, शिंगांना तांबडा हुरमुंज फासून, गळ्यात कवड्यांची माळ आणि पायात चाळ बांधून उभी केली. अशी दिसत होती की दृष्ट काढावी. मग मालकानं तरी मागं का राहावं? जोतीराम उटणं लावून, सुवासिक साबणानं दोनदा न्हाला. कोरं धोतर, कोरा कोट, गुलाबी फेटा. वर संग्रामनं कोल्हापुरातनं आणलेली हिना अत्तराची बाटली. कानामागं एक बोट लावायचं तर ह्या पठ्ठ्यानं निम्मी बाटली कोटावर ओतली. गल्लीतनं निघाला तर चार घरं आधी वास पोचत होता.

मारुतीच्या देवळापासनं शाळेपर्यंतचा रस्ता माणसांनी फुलला होता. गणपतरावाची म्हैस आधी झाली, छान धावली. मग जोतीराम. संग्रामची गाडी फटफटायला लागली, तो मागं उलटा बसला, छाती भरून त्यानं हाक दिली. "बाऽऽ! करेव्वा, बाऽऽ!"

करेव्वानं मान वर केली. पुढं आली. हुंगलं. एकदा जोरात शिंकरली, मागं सरली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"बाऽऽ!"

शेपटी हलली, म्हैस नाही. माणसं हसायला लागली. गणपतराव तर ओरडला, "काय गा मावा, म्हैस थुकली की!" जोतीरामाचे कान तापले. दोन महिने घसा फोडला तो ह्यासाठी? गर्दीत बायकांच्या घोळक्यात आरतीचं ताट धरून कस्तुरी उभी होती. ती चिमणाबाईला काहीतरी म्हणाली आणि चिमणाबाई गाव ऐकेल अशी ओरडली, "आरं जोत्या, वास! म्हस तुला वळखंना! नवरदेवागत अत्तर कशाला चोपडलंस मुडद्या? शेणात लोळ आधी!"

आयला! खरंच की! जुन्या म्हशी मालकाला बारा वर्षं ओळखतात, त्यांना आवाज पुरतो. ही सहा महिन्यांची पाहुणी, हिची ओळख नाकानं. जन्मभर म्हशीत काढलेल्या माणसाला हे कळू नये? पण सणाला न्हाऊन-माखून निघायचं नाही, असं कुणाच्या डोक्यात तरी येईल काय?

लोक घोळका करून हसत होते. खाली उतरून घरी निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. दाव्याला हात लावणार नाही म्हणून बोललो होतो, तेच खरं करावं. तो गाडीवरनं उतरला सुद्धा. पण करेव्वा सजूनधजून भर रस्त्यात उभी होती, आणि तिकडं सून ओठ दाबून उभी होती, रडू की काय अशी. दोन महिने त्या पोरीनं त्याच्या बरोबरीनं घसा कोरडा केला होता. जोतीरामाला स्वतःची लाज वाटायची थांबली आणि तिचं वाईट वाटायला लागलं.

"कस्तुरे," तो म्हणाला, "ये. बस गाडीवर."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पाडव्याला बाई गाडीवर? गणपतराव पुढं आला. "आता बायका म्हशी पळवणार व्हय?"

"तुझ्या घरात धार कोण काढतंय गा? वैनीच न्हवं? मग पळवली म्हणून काय शिंगं झडत्यात काय म्हशीची? हो बाजूला!"

कस्तुरीनं ताट चिमणाबाईच्या हातात दिलं, पदर खोचला आणि नवऱ्याच्या मागं उलटी बसली. "बा गं करेव्वा! बाऽऽ!"

आणि म्हैस सुटली! चाळ छुमछुमले, कवड्या उडाल्या, माणसं भिंतीला चिकटली. शिट्ट्या, गुलाल, नुसता कल्ला. जोतीराम धोतर सावरत मागनं पळायला लागला. साठीचं वय, कोरं पायताण. अर्ध्या रस्त्यात फेटा सुटला तो हातात धरला, आणि वळणावर दम लागून तो विजेच्या खांबाला धरून उभा राहिला.

तिथनं शाळेपुढचा मंडप दिसत होता. कर्ण्यातनं सयाजीचा आवाज येत होता. दरवर्षी पुकारा तोच करायचा. म्हैस पोचली की पळवणाऱ्यानं माइकवर मालकाचं नाव घ्यायचं आणि सयाजीनं ते तीनदा पुकारायचं, अशी रीत. आजवर मालकच पळवायचा, तेव्हा आपलं नाव आपणच ठोकून द्यायचा.

"आली, आली! एक नंबर आली!" कर्णा गरजला. "बोला वैनी, म्हैस कुणाची?"

कर्ण्यातनं नुसती घरघर आली.

जोतीरामाच्या लक्षात आलं. पोरगी काय बोलणार? सासऱ्याचं नाव सून घेत नाही, नवऱ्याचंही नाही. गोकाकला नाही आणि उचगावातही नाही. त्या कोडग्या सयाजीला एवढं कळू नये?

"वैनी, लाजू नगा. कुणाची?"

आता ती 'मावा' म्हणणार, जोतीरामानं डोळे मिटले. म्हणणार, आणि गाव आपल्याला वर्षभर चघळणार.

घरघर थांबली. मग सुनेचा आवाज आला, तोच खणखणीत, अंगणात यायचा तो.

"आमच्या बाची."

पुढं टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, सयाजीनं तीनदा काहीतरी पुकारलं. जोतीरामाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. फेटा तसाच हातात, तो गर्दी कापत मंडपात पोचला. कस्तुरीनं त्याला बघून मान खाली घातली. करेव्वानं घामानं भिजलेल्या कोटाला नाक लावलं आणि या वेळी काही शिंकरली नाही. जोतीरामाचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. त्यानं सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय म्हणाली रं सून?"

"अवं, आख्ख्या गावानं ऐकलं की!"

"मला न्हाई ऐकू आलं," जोतीराम म्हणाला. "परत इचार की तिला."