खडकावरची पाहुणी

आमच्या कामात उंदराची धास्ती वाघापेक्षा जास्त. लोक हसतात, माझे दीरही हसायचे. होडी त्यांची आणि खडकावरच्या पक्ष्यांची जबाबदारी माझी. त्या ओसाड खडकाच्या कपारींत मुठीएवढे काळे समुद्रपक्षी बिळं करून राहतात. जोडीमागे वर्षाला एकच अंडं. दात असलेला प्राणी त्यांनी कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे पळायचं कशापासून हेच बिचाऱ्यांना ठाऊक नाही. एक गाभण उंदरीण तिथे उतरली की काही वर्षांत खडक मुका झालाच म्हणून समजा.

म्हणून निघण्याआधी गोदामातल्या बंद खोलीत आम्ही सगळं सामान पांढऱ्या टेबलावर ओततो. मोजेसुद्धा उलटे करतो. पीठ चाळून घट्ट झाकणाच्या बादलीत भरतो. मलाही एकदा झटकून घ्या, असं भावजी दर खेपेला म्हणायचे आणि मी खरोखरच त्यांचे खिसे तपासायचे. उघडत नसू ती एकच पेटी, संकटकाळची. होडी फुटलीच तर लागणारी ब्लँकेटं आणि बिस्किटं तिच्यात असतात. तिला सील असतं, आणि ते फोडायचं नाही हाही आमचाच नियम.

खडकावर मुक्काम केला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ती लाकडी पेटी जरा सरकवली. सील पुढे जसंच्या तसं होतं. मागे, तळाशी, कुरतडलेलं भोक होतं.

मी सील फोडलं. ब्लँकेटच्या चिंध्यांत पिल्लं वळवळत होती, गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली. आई नव्हती. भावजी वाकून बघत राहिले, पण या वेळी हसले नाहीत.

समुद्र चढायला लागला होता. आता निघू आणि पिंजरे घेऊन परत येऊ, असं ते म्हणाले. पण समुद्र एकदा खवळला की इकडे कधी फिरकता येईल याचा नेम नसतो, आणि तोवर उंदरीण कुठल्या कुठे पसार झाली असती. पिल्लं होती तोवरच ती परत येणार होती. मग आम्ही भोक दगडाने बुजवलं, पेटी आडवी केली, झाकण काठीवर उचलून धरलं आणि काठीला दोरी बांधली. दोरी माझ्या हातात. खाली होडी खडकावर आपटत होती आणि प्रत्येक आवाजाला भावजींचा चेहरा उतरत होता.

ती आली. थांबली, हवा हुंगली, आत शिरली आणि एक पिल्लू अलगद तोंडात धरलं. इतकं जपून की मला माझी दोन्ही लेकरं आठवली आणि हात जागीच थिजला.

"वहिनी, ओढा," भावजी पुटपुटले.

मी ओढली. झाकण पडलं.

सुटकेचा श्वास टाकणार तोच जवळच्या बिळातून चीं चीं ऐकू आली. पक्ष्याचं पिल्लू की तिने आधीच हलवलेलं एखादं? आवाजावरून काही कळेना. मी कोपरापर्यंत हात घातला. पिसं लागू देत, नुसती पिसं लागू देत, असं मनाशी घोकत होते. आधी अंड्याची टरफलं टोचली. मग ऊब लागली, गुळगुळीत, उघडी.

ते उंदराचं पिल्लू तिथेच सोडलं असतं तरी चाललं असतं. आईविना थंडीने गेलंच असतं. तरी मी दगड सरकवून ते भोकातून आत, तिच्याजवळ सोडलं. का, ते मला सांगता येणार नाही.

होडी कशीबशी सुटली. पेटी मी दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली होती, आत खरवडणं चालू होतं. किनाऱ्यावर गेल्यावर हिचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मागे खडक लहान होत चालला होता आणि मला मात्र एकसारखा तो पेटीतला अंधार दिसत होता. त्यातून काय काय उतरलं असेल, कुणी पाहिलं होतं?

मी भोकावरच्या दगडाशी तोंड नेलं.

"एकटीच आली होतीस ना गं?"

खरवडणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.