दुसऱ्याच्या कव्हरातली बारा वर्षं

मित्रांनो, मी ग्रामोफोनची एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी तबकडी भिंतीवर शोभेला टांगलेली पाहिली असेल. मला अजून कुणी टांगलेलं नाही, एवढं माझं नशीब.

माझ्या पोटात एक व्हायोलिन कॉन्चेर्तो आहे. म्हणजे पुढे एकटा व्हायोलिनवादक उभा, मागे साथीला अख्खा वाद्यवृंद, आणि दोघांचं पाऊण तास चाललेलं बोलणं. ही रचना फार लाडकी. ती शेकडो जणांनी वाजवली आणि तिच्या शेकडो तबकड्या निघाल्या. माझा वादक मात्र नावाजलेला नव्हता. एका दुपारी, खुर्च्या हलवून रिकाम्या केलेल्या सभागृहात त्याने ती वाजवली. माझ्या मोजक्या प्रती निघाल्या आणि पुढे कारखानाच बंद पडला.

मी एका वाचनालयाच्या श्रवणकक्षात आले. दर गुरुवारी दुपारी तिथे तिघे जमत. गणिताचे निवृत्त मास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि स्वतः ग्रंथपाल. एकच रचना वेगवेगळ्या वादकांकडून ऐकायची आणि कोण सरस ते ठरवायचं, हा त्यांचा छंद. नाव पाहून मत बनू नये म्हणून ग्रंथपाल प्रत्येक तबकडीच्या लेबलावर कागदाची गोल चकती चिकटवत आणि तिच्यावर आकडा घालत. कुठला आकडा कुणाचा, ती यादी त्यांच्या खिशात असे.

एका गुरुवारी त्यांच्यासमोर आम्ही तिघी तबकड्या होतो. एक नंबरवर एक थोर वादक होता, ज्याचा फोटो कव्हरभर छापलेला असे. त्याचं वाजवणं लख्ख, एकही सूर इकडचा तिकडे नाही. दोन नंबरवाला जणू गाडी चुकेल या घाईत होता. तीन नंबर मी. माझा वादक सुरुवातीला किंचित थांबतो आणि मग बोलायला लागतो. संथ भागात तर तो इतका सावकाश जातो की ऐकणारा श्वास घ्यायला विसरतो.

तिघांनीही मला पहिलं ठरवलं. मास्तरांनी तर टेबलावर थाप मारली. "हा थोर वादकच! दुसऱ्या कुणाची माय व्याली नाही असं वाजवायला!"

ग्रंथपालांनी भीतभीत यादी उघडली. "मास्तर, थोर वादक एक नंबरवर आहेत. तीन नंबर म्हणजे हे दुसरेच कुणीतरी."

"मग यादी चुकली. मी कान घरी ठेवून आलो नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चकती काढून बघू या ना." ग्रंथपालांनी कडेला नख घातलं, तर चकतीबरोबर लेबलच सुटू लागलं. डिंक जरा जास्तच झाला होता. ते घाबरून थांबले. तेवढ्यात मास्तरांनी मला उचललं आणि थोर वादकाच्या कव्हरात सरकवलं. त्याची तबकडी गेली माझ्या कव्हरात. ग्रंथपाल स्वभावाने मऊ. "चुकली असेल बुवा माझीच यादी," असं म्हणून त्यांनी आम्हाला तसंच फळीवर ठेवून दिलं.

तिथून माझा तुरुंगवास सुरू झाला. लोक यायचे, मला ऐकायचे आणि माना डोलवायचे, पण त्याचं नाव घेऊन. कौतुक पदरात पडावं आणि ते आपलं नसावं, याचा किती त्रास होतो म्हणून सांगू! दोन भागांमधल्या शांततेत माझा वादक अंगठ्याने तार हलकेच छेडून बघतो आणि दोनदा घसा साफ करतो. मास्तर त्याचंही कौतुक करायचे. "थोरांचं खाकरणंसुद्धा सुरात असतं!" मी आत चरफडायचे. पण सुई टेकल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि सुई टेकली तरी जे कोरलंय तेवढंच बोलता येतं. अशी बारा वर्षं गेली.

मग एक म्हातारी बाई आली. तिने माझ्या वादकाचं नाव उच्चारलं. इतक्या वर्षांनी ते नाव कानावर पडलं आणि मी जागच्या जागी हलले असते, पण दोन्हीकडून तबकड्या दाटून उभ्या होत्या.

ती म्हणाली, "माझा मोठा भाऊ. घरची तबकडी मी खिडकीत विसरले. उन्हाने वाकून वाटीसारखी झाली. माझा उजवा कान गेलाय, डाव्याचंही आता काही खरं नाही. तोही कान जायच्या आत एकदा दादाला ऐकायचंय."

ग्रंथपालांनी माझं कव्हर काढलं. मी हातभर अंतरावर होते. आतली तबकडी लागली आणि दोन मिनिटांत तिने मान हलवली. "हा दादा नव्हे."

"मावशी, कव्हरावर नाव आहे की."

"नाव असेल. दादा नाही."

ती पिशवी उचलू लागली. ती गेली असती तर माझा आवाज ओळखणारं जगात कुणी उरलं नसतं. ग्रंथपालांचा चेहरा उतरला. त्यांना ती जुनी यादी आठवली असावी. ते म्हणाले, "मावशी, गुरुवारी दुपारी याल? तेव्हा आमचे मास्तर असतात."

गुरुवारी ती आली आणि डावा कान स्पीकरकडे करून बसली. मास्तरांनी रुबाबात मला, म्हणजे त्यांच्या लेखी थोर वादकाला, लावायला सांगितलं. पहिला भाग सुरू होताच तिने पिशवी घट्ट धरली. तो संपला. तार हलकेच वाजली. मग दोनदा घसा साफ झाला.

"दादा!" ती उभीच राहिली. "आई ओरडायची त्याला, आधी पाणी पी म्हणून!"

मास्तर ताठ झाले. "बाई, हे थोर वादक आहेत. घसा काय, कुणीही साफ करतं."

ग्रंथपालांनी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "मास्तर, तबकडीवर नंबर कोरलेला असतो. लेबलाच्या कडेला, गुळगुळीत भागात. मला तेव्हाच सुचायला हवं होतं. तुम्हीच वाचा."

मास्तरांनी मला खिडकीपाशी नेलं. भिंग धरून ते एकेक आकडा वाचू लागले. "चार. शून्य. सात. सात. एक." ग्रंथपालांनी माझं कव्हर समोर धरलं. त्याच्या कोपऱ्यात तेच पाच आकडे होते. मास्तरांनी ते पुन्हा वाचले, मग तिसऱ्यांदा. जन्मभर आकडे शिकवलेला माणूस, आकड्यांशी भांडणार कसा? त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"बारा वर्षं मी तुमच्या दादाला ऐकत होतो," ते म्हणाले, "आणि नाव दुसऱ्याचं घेत होतो. मला क्षमा करा."

ती म्हणाली, "त्याला चाललं असतं हो. मला नाही चालत."

चकती अजून माझ्यावरच आहे, कारण ती सोलली तर लेबल फाटेल. पण मास्तरांनी तीनच्या आकड्याखाली, फळ्यावर लिहीत तशा वळणदार अक्षरात माझ्या वादकाचं नाव लिहिलं.

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका आणि आमच्यावर बोटं उमटवू नका, हे तर आहेच. पण आणखी एक सांगते. ऐकून झालं की कव्हरावरचं नाव वाचा आणि ज्याला त्याला त्याच्याच घरात ठेवा. एवढ्याला घडीभरच वेळ लागतो.

ती बाई आता दर गुरुवारी येते. डावा कानही मंद होत चाललाय, म्हणून ती स्पीकरवर तळहात ठेवून बसते. पहिला भाग संपतो, घसा दोनदा साफ होतो, आणि मास्तर उठून टेबलावर पाण्याचा एक पेला भरून ठेवतात.