वाटीवरचा हात

आमच्या नेरमध्ये कोणालेही विचारा, सुहासिनीबाईच्या घरून कोणी अर्ध्या पोटी गेलं का म्हणून. नाही गेलं. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला की मी समजायची, अजून दोन पोळ्या सहज जातात. नको-नको म्हणणं ही जेवणाऱ्याची रीतच आहे. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस मले अधाशी वाटायचा, अन् खरंच उठून जाणारा माजोरी. बाकीच्यायले वाढण्यात मले मोठी मजा यायची.

त्या वर्षी अधिक महिना आला. ऋचाच्या, म्हणजे माझ्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नानंतरचा पहिलाच. म्हणजे जवाईबापूले धोंड्याच्या जेवणाले बोलावणं आलंच. पोरगी नागपूरले दिलेली. जवाई अनिकेत बोलायले गोड, अन् अंगानं असा काटकुळा की पंखा जोरात लावायचीही भीती वाटावी. महिनाभर मी साय जमा केली. विरजण लावलं, लोणी काढलं, तूप कढवलं. असं रवाळ तूप झालतं, की गल्लीच्या टोकापर्यंत वास गेलता.

जेवणाच्या चार दिवस आधी ऋचाचा फोन आला. "आई, अनिकेतच्या रक्तात चरबी खूप वाढली आहे. त्याच्या बाबांनाही हाच त्रास आहे. डॉक्टरनं तूप, साय, तळलेलं, गोड, सारं बंद केलं. तू त्याच्यासाठी साधा वरण-भात कर."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "चरबी? अन् त्याच्या? अवं, तुझ्या बापाकडे पाह्य जरा!" आमचे हे, नरहरराव, बँकेतून रिटायर झालेले. पोट हे असं पुढं. रोज वरणावर तुपाची धार घेतात, अन् रक्त तपासलं की सारं चांगलंच निघते. "चरबी असती तर कुठं तरी दिसली असती. त्याची तर गालफडं बसलेली आहेत."

"आई, रक्तातली चरबी वरून दिसत नाही."

"बरं बरं," म्हटलं अन् फोन ठेवला. मनात म्हटलं, हे आजकालच्या डॉक्टरायचे चाळे. धोंड्याच्या दिवशी जवायापुढं वरण-भात ठेवला तर लोक माझ्या तोंडात शेण नाही घालणार? एका दिवसानं काय होते?

अन् मग मी जे ठरवलं होतं ते सारं केलं. पुरणाचे धोंडे, पुरणपोळ्या, अनारसे, वडे, भजे, कढी. ताटाभोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. पंगतीले शेजारच्या वच्छलाबाई अन् गल्लीतली चार माणसं. आमच्याकडे पुरणपोळीवर चमचाभर तूप घेत नाहीत. वाटीभर घेतात, अन् पोळी त्यात बुडवून खातात. मी अनिकेतपुढं वाटी ठेवली, तुपाची लोटी घेऊन वाकली, तर त्यानं वाटीवर हात ठेवला.

"नको आई. खरंच नको."

"घ्या हो, एवढ्याशानं काय होते?"

"नाही, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"त्या डॉक्टरच्या सासूले असं तूप करता येत नसन!"

सारे हसले. तोही हसला बिचारा, पण हात काही काढला नाही. मी म्हटलं, पाहू कोण हरते. लोटी वाकडी केली, तर तूप त्याच्या बोटांवरून वाटीत उतरलं. कोमट होतं, चटका नाही लागला. पुन्हा हशा झाला.

ऋचा ताटावरून उठली. "आई, पुरे ना आता!"

"पाहा वच्छलाबाई, कशी नवऱ्याच्या ताटावर पहारा देऊन राह्यली! अवं, मी काय त्याले जहर वाढून राह्यली का?"

चार लोकांत पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती खाली बसली. अनिकेतनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अन् पोळी तोडून तुपात बुडवली. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. हे मले ठाऊक होतं, अन् म्हणूनच माझा हात अजून सैल सुटलता. दुसरी वाटी त्यानं मागितली नाही. मीच भरली.

चहाच्या वेळी पाहते तर जवाई पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. म्हटलं, जेवण जड झालं असन. ओवा दिला, वरून गरम पाणी दिलं. ते सारं उलटून पडलं. पोटातली कळ पाठीत निघून राह्यली म्हणे, अन् बसताही येईना, पडताही येईना. अंगावरचा शर्ट घामानं भिजून गेला. आमच्या ह्यांनी गाडी काढली अन् आम्ही तडक यवतमाळले गेलो. ऋचा मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलती. मी पुढं बसून सारखं म्हणत होती, गॅस असन, गॅसच असन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, ऋचाच्याच वयाची. ती म्हणाली, "स्वादुपिंडाला सूज आली आहे. रक्तात चरबी आधीच फार होती, त्यावर हे जेवण. तीन दिवस तरी मी काही सांगू शकणार नाही."

"अवो पण, यायनंही तेच खाल्लं!" मी आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "यायले कसं काही झालं नाही?"

"काकांच्या शरीरात ती चरबी वापरली जाते. ह्यांच्या रक्तातून ती लवकर हटतच नाही. त्याचा जाड-बारीकशी काही संबंध नसतो." तिनं रक्ताची काचेची नळी आणून दाखवली. खाली लाल, अन् वर पांढरं, दुधासारखं. "हे बघा. इथं पिवळसर, पारदर्शक पाणी दिसायला हवं होतं."

मी आयुष्यभर दुधावरची साय काढली. बोटभर साय नजरेनं ओळखते मी. ती माझ्या जवायाच्या रक्तावर धरलेली पाहिली. तिथंच बाकावर बसली. ऋचा एवढंच बोलली, "मी फोन केला होता, आई." भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. माय माय माय, एवढ्या हळू आवाजात तर ती लहानपणीही माझ्याशी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिले औषधं आणायले खाली जायचं होतं. ह्यांना तिनं घरी पाठवलं होतं, म्हणून नाइलाजानं मले बसवलं. जाता जाता दारातून मागं फिरली. "तो पाणी मागेल. थेंबसुद्धा द्यायचा नाही, आजार वाढेल. ऐकशील ना?" पोटची पोर मले विचारून राह्यली, ऐकशील ना.

ती गेली अन् त्यानं डोळे उघडले. ओठांच्या पापड्या निघालेल्या. "आई, पाणी."

"नाही बापू, आता नाही."

"घोटभर." त्याची नजर टेबलावरच्या ग्लासावर. तो ऋचाचा होता, भरलेला. त्यानं सुई लावलेला हात तिकडे सरकवला. मी घाईनं ग्लासावर पंजा ठेवला.

"एवढ्याशानं काय होतं, आई?"

तो काही मले टोमणा मारत नव्हता. तेवढं बळच कुठं होतं त्याच्यात? तहानलेलं लेकरू ते, बोलून गेलं. मी मान हलवत राह्यली अन् रडत राह्यली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं माणूस मागत होता अन् मी नाही म्हणत होती. त्यानं माझ्या बोटांवर बोटं ठेवली. ओढायची ताकद नव्हती, नुसती ठेवली. कालच्या तुपाचा वास अजून माझ्या हाताले होता. त्याले झोप लागेपर्यंत मी पंजा उचलला नाही.

जवाई वाचले. तीन आठवडे काढले दवाखान्यात, पण वाचले. लोक म्हणतात, झालं ना सारं चांगलं, मग कायले मनाले लावून घेता?

दिवाळीले दोघं आले. मी मुगाचं पातळ वरण केलं, दोडक्याची भाजी अन् कोरडे फुलके. सारे जेवायले बसले. ऋचा बापाशी बोलत होती. मी स्वयंपाकघरातून निघाली की तिचं बोलणं थांबायचं. माझ्या हातात काय आहे, ते पाह्यची. वरण आहे, भाजी आहे, असं दिसलं की मग पुढं बोलायची.

शेवटी मी फुलके घेऊन आली. अनिकेतनं ताटावर हात धरला. "बस, आई."

त्याचं पोट खरंच भरलं होतं का, मले समजलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. मी फुलके घेऊन मागं फिरली, तेव्हा कुठं ऋचानं हातातला घास तोंडात घातला.