मोनाच्या ओळखीची गाडी

दिवाळीची सुट्टी लागली त्या शनिवारी सकाळी पिराजी चौगलेनं गगनबावडा रस्त्यावरच्या फाट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीशी वैर धरलं. गाडीचा नंबर, रंग, आतली माणसं असा कुठलाही भेदभाव त्यानं केला नाही.

कारण साधं होतं. गेल्या वर्षी ह्याच सुट्टीत कोकणात निघालेल्या एका गाडीनं त्याची म्हैस रस्त्याच्या कडेला उडवली. प्यालेला चालक खाली उतरला तेव्हा त्याला दोन म्हशी दिसत होत्या, त्यामुळं त्यातली एक मेली ह्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. म्हशीनं हॉर्न ऐकायला पाहिजे होता, असं त्याचं म्हणणं पडलं.

त्या म्हशीची लेक म्हणजे मोना. यंदा तिचा पहिला पाडवा होता. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांचे पट्टे बांधायचे, आणि मालकानं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल फडफडवत पुढं निघायचं. आजूबाजूला तशाच पन्नास गाड्या बोंबलत असतात, पण म्हशीनं आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून फक्त तिच्याच मागं पळायचं, ह्यात खरी कला. पिराजीचा मुलगा विश्वजित शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होता. दोन महिने रोज ड्युटीला जायच्या आधी त्यानं मोनाला माळावर पळवलं होतं आणि पळून झालं की खिशातली पेंड चारली होती. बुधवारी पाडवा. तोवर मोना ह्या रस्त्यावर जिवंत राहिली पाहिजे, एवढंच पिराजीचं मागणं होतं.

फाट्यावर बंदोबस्ताला आकाराम हवालदार होते. त्यांच्याकडं फुंकायचं यंत्र होतं. पण प्यालेला एक माणूस सापडला की उरलेला दिवस कागद भरण्यात जातो हे माहीत असल्यामुळं ते यंत्र जपून वापरत. पिराजीचं काम नाकावर चालायचं. त्यानं वीस वर्षं दूध संस्थेत टेस्टर म्हणून काढली होती. कॅनचं झाकण उघडलं की आतलं दूध कुणाच्या घरचं आणि पाणी कुठल्या विहिरीचं हे तो सांगायचा, अशी त्याची ख्याती. ती त्यानं स्वतःच पसरवली होती, पण म्हणून खोटी नव्हती.

चारच्या सुमाराला त्यानं एक पांढरी गाडी अडवली. गाडी सौमित्र नावाचा कोल्हापुरातलाच एक प्राध्यापक चालवत होता आणि मागं त्याच्या आई, माई, बसल्या होत्या. पिराजीनं खिडकीतून डोकं आत घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला.

"पावणं, उतरा खाली. प्यालाय तुम्ही."

सौमित्रनं सांगितलं की आत्ताच वडे खाऊन हाताला सॅनिटायझर लावलंय, त्याचा वास. पिराजी म्हणाला की दर गाडीला नवीन कारण ऐकायला मिळतं, हे बरं हाय. आकाराम हवालदारांनी नाइलाजानं यंत्र आणलं. सौमित्रनं फुंकलं. शून्य. पिराजीनं परत फुंकायला लावलं. परत शून्य.

"यंत्राला सर्दी झाली आसंल," पिराजी म्हणाला.

माईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि असल्या उत्तरांची त्यांना सवय होती. त्यांनी काच खाली करून विचारलं की हे गृहस्थ पोलिसात आहेत का. पिराजी म्हणाला, म्हशीचा मालक हाय.

"मग जाऊन म्हशीचा वास घ्या," माई म्हणाल्या.

तोवर मागं गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी पिराजीच्या वडिलांचा उल्लेख केला. पिराजीनं त्याच्या आजोबांपर्यंतची परतफेड केली. गावातली पोरं मोबाइल काढून उभी राहिली. सौमित्रला माफी पाहिजे होती, पिराजीला सौमित्रची किल्ली पाहिजे होती आणि हवालदारांना चहा पाहिजे होता.

तेवढ्यात कोल्हापूरच्या बाजूनं फडफड ऐकू आली.

सकाळपासून तसल्या शंभर गाड्या कोकणात गेल्या होत्या आणि फाट्याजवळच्या गोठ्यात मोनानं रवंथसुद्धा थांबवला नव्हता. हा आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता. तिनं कान उभारले, खुंटा उपसला आणि दाव्यासकट रस्त्यावर आली.

फौंड्रीला सुट्टी लागली म्हणून विश्वजित दुपारी मित्राच्या शेतात जेवायला गेला होता. तिथं तांबडा रस्सा होता, आणि रश्श्याबरोबर जे असतं तेही भरपूर होतं. पाडव्यासाठी पुंगळी त्यानं सराव सुरू केला तेव्हाच काढून ठेवली होती. सगळी रांग उलट्या बाजूनं ओलांडून तो फाट्यावरून सुसाट गेला आणि त्याच्या मागून मोना गेली. समोरून येणारी जीप गटारीत उतरली म्हणून दोघं वाचली.

लोक ओरडायला लागले. विश्वजितला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यानं एक हात वर केला, पुढं जाऊन गाडी वळवली आणि गर्दीला पुन्हा दर्शन द्यायला माघारी निघाला. मोनाही वळली. तिला शिकवलंच होतं तसं.

मोनाला थांबवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे गाडी थांबवणं. दिवसभर कडेला उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या अडवणारा पिराजी खुर्ची उचलून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. रांगेतली दोन वाहनं कंटाळून त्याच्याच दिशेनं बाहेर पडत होती. माई मागून म्हणाल्या, "सौमित्र, गाडी आडवी घाल." सौमित्रनं घातली. ती दोन वाहनं तिथंच थांबली आणि त्यालाच शिव्या द्यायला लागली.

विश्वजितला वडील दिसले की खुर्ची, कोण जाणे. त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली, खुर्चीचे दोन पाय मोडले आणि तो गुडघ्यावर पडला. मोना त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि त्याच्या खिशात तोंड घालून पेंड शोधायला लागली.

पिराजी हे नाव एव्हाना माईंच्या कानावर पडलं होतं.

"पिराजीराव," त्या म्हणाल्या, "आता घ्या की वास."

पिराजी वाकला. वास घ्यायला वाकायची गरज नव्हती.

"थोडीच घेतलीया, आबा," विश्वजित म्हणाला. "आणि आपलाच रस्ता हाय की."

आकाराम हवालदारांनी पिराजीला बाजूला घेतलं. पोरगं गावातलं हाय, कुणाला काय झालेलं न्हाय, असं ते हळू आवाजात समजावत होते. कागद केला तर गाडी दिवाळीभर ठाण्यात अडकेल, आणि ही गाडी नसली तर बुधवारी सगळ्या गावादेखत मोना एक पाऊल टाकणार न्हाय. त्यापेक्षा घरी घेऊन जावा आणि डोक्यावर पाणी ओता. पिराजीनं सगळं ऐकून घेतलं. मधल्या काळात त्यानं मोनाचं दावं हाताला दोन वेढे देऊन धरलं होतं.

"यंत्र काढा," तो म्हणाला.

"पोटच्या पोराला धरून देताय व्हय?" विश्वजित म्हणाला. त्यानं आणखीही बरंच म्हटलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्यानं फुंकलं. यंत्राला सर्दी झालेली नव्हती.

आकडा बघून हवालदारांनी पिराजीकडं पाहिलं. "लिहू का?"

"लिवा."

हवालदारांनी लिहिलं, तिथंच उभ्यानं, वाकड्या अक्षरात. सौमित्र माफीसाठी थोडा वेळ थांबला होता. पिराजी त्याला एवढंच म्हणाला की वाट मोकळी झाली, आता जावा. माईंनी काच वर केली. रांग हॉर्न वाजवत हलली.

हवालदारांनी मोटारसायकल उभी केली आणि ठाण्यात न्यायला म्हणून किकवर पाय ठेवला.

"चालू करू नका," पिराजी म्हणाला. "ढकलत न्या."

ठाणं चार किलोमीटरवर होतं आणि मधे चढ होता. हवालदारांनी पिराजीकडं बघितलं, मोनाकडं बघितलं, मग हँडल विश्वजितच्या हातात दिलं. सुट्टीच्या गाड्यांच्या कडेकडेनं तो गाडी ढकलत निघाला आणि वळणापर्यंत बापाला मोठमोठ्यानं ऐकवत राहिला. दावं पिराजीनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पण गाडी बंद असल्यामुळं मोना जागची हलली नाही.